एक शेगडी, पाच ताटं

दिघीत खोली भाड्याने घेताना घरमालक पाण्याची वेळ सांगतो, लाइटबिलाचं सांगतो, गाडी कुठे लावायची तेही सांगतो. स्वयंपाकघराबद्दल बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही नसतं. भिंतीला टेकलेला कडप्प्याचा ओटा, शेजारी मोरी, वर एक फळी. एका अंगाला भोसरीची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला लष्कराच्या हद्दी आणि आळंदीकडे जाणारा रस्ता, अशी ही वस्ती. गाव 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. पुढे शेतांच्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या एकेका खोलीत चाकण-भोसरीला कामाला जाणारी कुटुंबं राहायला आली. आमचंही त्यातलंच एक. आमचे हे चाकणला कारखान्यात पाळीवर, मी भोसरीत एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई.

पहिली काही वर्षं आमच्याकडे एका बर्नरची शेगडी होती. पाच लिटरचा कुकर आणि त्याचे डबे, लोखंडी तवा, लोखंडी कढई, दोन पातेली, परात, पोळपाट-लाटणं आणि खलबत्ता. मिक्सर, फ्रिज नंतर आले. पण जे काही शिकले ते त्याच वर्षांत. घरात खायलाच काही नाही अशी वेळ क्वचित येते. कमी पडते ती आच, भांडं, पाणी आणि वेळ. म्हणून ‘आज काय करू?’ असं विचारत बसलं की माणूस अडतो. ‘आज काय आहे, आणि त्यातलं आधी काय चढवू?’ असं विचारलं की हात चालायला लागतात. बाकीचे बोल या एका गोष्टीचेच आहेत.

1. आधी भांडी बघा, मग पदार्थ ठरवा

बेत ठरवून भांडी शोधायला गेलं की एका पातेल्यावर येऊन सगळं थांबतं. त्यापेक्षा मोकळं भांडं कोणतं आणि त्यात काय काय होतं, ते डोक्यात पक्कं असावं. कुकरमध्ये नुसता वरण-भात होत नाही. तळाच्या पाण्यात बटाटे, त्यावर डाळीचा डबा, त्यावर भाताचा डबा, असं तीन मजली जेवण एका आचेवर निघतं. डाळ अर्धा तास आधी भिजवून ठेवली की ती भाताच्या बरोबरीने शिजते. पुण्याच्या उंचीवर उघड्या पातेल्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. शिट्टी लावलेल्या कुकरमध्ये ते 120 अंशांच्या जवळ पोचतं. तूरडाळ पातेल्यात तासभर रखडते आणि कुकरात पटकन शिजते, ती यामुळे. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची. मोठ्या आचेवर कुकर जास्त शिट्ट्या मारतो, पण डाळ काही त्या हिशोबाने लवकर शिजत नाही.

2. जे आधी नासेल ते आधी शिजेल

फ्रिज नसलेल्या घरात पिशवी रिकामी करतानाच आठवड्याचा क्रम ठरतो. पालेभाजी आणि कोथिंबीर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या. मग भेंडी, गवार, वांगी. मग कोबी, दुधी. लाल भोपळा अख्खा असेपर्यंत टिकतो, एकदा कापला की त्याचा नंबर पहिला. चाकणचा बाजार कांदा-बटाट्याचा. यांची सुट्टीच्या दिवशी तिकडे फेरी झाली की कांदा गोणपाटावर पसरून आणि बटाटा त्यापासून लांब अंधारात ठेवायचा. दोन्ही एकाच टोपलीत ठेवले तर लवकर मोड येतात. सगळी भाजी संपली की मटकी, मूग, हरभरा भिजत पडतात. आठवड्याच्या शेवटी आमच्याकडे उसळ असते ती याच कारणाने.

दुधालाही हाच नियम. सकाळ-संध्याकाळ उकळी. फाटलंच तर फडक्यात बांधून त्याची कांदा-मिरची घालून भुर्जी होते आणि खाली राहिलेल्या पाण्यात कणीक मळली की पोळ्या मऊ होतात. दही आंबट झालं तर त्या दिवशी कढी. कढीला आंबटच दही लागतं, त्यामुळे तक्रार करायला जागा राहत नाही.

3. पाण्याचा दिवस आणि बिनपाण्याचा दिवस

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून नळाला पाणी दिवसाआड येतं. पाककृतींच्या पुस्तकांत या गोष्टीचा विचार नसतो, आमच्या स्वयंपाकात मात्र तो सगळ्यात आधी येतो. मेथी, पालक, चुका, चाकवत यांना तीन-चार पाण्यांनी धुवावं लागतं, म्हणून पालेभाजी पाण्याच्या दिवशीच आणायची. मंडईत कितीही स्वस्त दिसली तरी दुसऱ्या दिवशी हात आवरायचा.

बिनपाण्याच्या दिवशी एका भांड्याचं जेवण. त्यात आमच्याकडे पहिला मान वरणफळांचा. तूरडाळीचं पातळ वरण फोडणीला घालायचं. हिंग, हळद, तिखट, गोडा मसाला, गुळाचा खडा, दोन आमसुलं. ते उकळत असताना घट्ट कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापायचे आणि खळखळत्या वरणात एकेक सोडायचे. सगळे एकदम टाकले तर त्यांचा गोळा होतो. वरून तूप. डाळ, पोळी, आमटी तिन्ही एका भांड्यात, आणि धुवायला कुकर, पळी आणि ताटं. दुसरा मान पिठल्याचा. कढईच्या बुडाला धरलेली खरपुडी मुलं भाकरीच्या तुकड्याने खरवडून खातात, त्यामुळे कढई निम्मी तिथेच साफ होते. बटाटे उकडलेलं पाणी, डाळीवरचं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही. ते आमटीत किंवा कणकेत जातं.

4. एका बर्नरवर क्रम हाच दुसरा बर्नर

नवीन लग्न झालेल्या मुली शेजारी राहायला आल्या की पहिला प्रश्न हाच विचारतात: एका शेगडीवर सगळं गरम कसं वाढायचं? उत्तर सोपं आहे. जो पदार्थ उष्णता धरून ठेवतो तो आधी, जो लगेच गार होतो तो शेवटी. कुकर पहिला. उतरवून बाजूला ठेवला की त्याची वाफ जिरेपर्यंत भाजी होते, आणि झाकण उघडलं नाही तर आतला भात त्यानंतरही बराच वेळ गरम राहतो. मग भाजी, तिच्यावर झाकण. शेवटी तवा, कारण पोळी तव्यावरून ताटात पडली तरच पोळी. फोडणीचं वरण हवं असेल तर भाजीच्या वेळीच त्याचं काम उरकायचं. कढईत तेल थोडं जास्त घालून मोहरी, जिरं, हिंग, हळदीची फोडणी करायची, निम्मी पळीने काढून शिजलेल्या डाळीवर ओतायची आणि उरलेल्या फोडणीत भाजी टाकायची.

भाजी वाफवताना कढईवर ताट पालथं न घालता सुलटं ठेवायचं आणि त्यात पेलाभर पाणी ओतायचं. वाफ ताटाच्या तळाला लागून पाण्याच्या थेंबांनी परत खाली येते, भाजी करपत नाही, आणि ताटातलं पाणी तापून तयार असतं. भाजीत पाणी घालायची वेळ आली तर तेच घालायचं. गार पाणी घातलं की उकळी मोडते आणि वेळ जातो. हे सासूबाईंनी शिकवलं, आणि त्यांना त्यांच्या आईने.

5. जिन्नस नसेल तर त्याचं काम ओळखा

आमटीत टोमॅटो घालतात तो आंबटपणासाठी, शोभेसाठी नाही. हे लक्षात आलं की टोमॅटोवाचून अडत नाही. जुलै 2023 मध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला, तेव्हा नारायणगावच्या बाजारात शेतकऱ्यांना कधी नव्हे ते चार पैसे मिळाले, याचा आनंदच होता. आमच्या आमटीत मात्र चिंच आली. मी प्रत्येक पदार्थाची चार कामं धरते.

आंबट: चिंच, आमसूल, ताक, लिंबू, कैरी, टोमॅटो. यातलं काहीही चालतं, पण डाळ शिजल्यानंतर. आंबट आधी पडलं की डाळ शिजायला त्रास देते.

दाटपणा: शेंगदाण्याचा कूट, बेसन, भाजलेलं खोबरं, तीळ, किंवा काहीच नसेल तर शिळ्या भाकरीचा चुरा. रस्सा पाणचट झाला असेल तर चमचाभर बेसन तव्यावर कोरडं भाजून पाण्यात कालवून सोडावं. कच्चं सोडलं तर पिठाची चव येते.

खमंगपणा: भाजलेला कांदा, लसूण, काळा मसाला, तळणीचं जिरं. कांदा गॅसवर जाळीत घालून काळपट होईस्तोवर भाजला आणि खलबत्त्यात सुक्या खोबऱ्याबरोबर कुटला की बाजारच्या कोणत्याही मसाल्याची गरज उरत नाही.

गोडवा: गुळाचा खडा, किंवा कांदाच जरा जास्त परतलेला.

ही चार कामं ज्याला समजली त्याने नुसत्या शेंगदाण्यांची आमटी करावी, नुसत्या कांद्याची भाजी करावी, पापडाची भाजी करावी. पाहुण्याला कमतरता कळणार नाही.

6. वजनकाटा नको, एकच वाटी हवी

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 मध्ये आलं आणि मराठी घरांत टिकलं, त्याचं एक कारण त्यातली वाटी-चमच्याची मापं. साध्या घरात काटा नसतो, वाटी असते. अट एवढीच की वाटी रोज तीच हवी. आमची मापं भिंतीवर खडूने लिहिलेली होती. कुकरमधला भात, वाटीला दोन वाट्या पाणी. मऊ खिचडी, तांदूळ-डाळ मिळून वाटीला चार. पिठलं, बेसनाच्या वाटीला तीन. उपमा, रव्याला अडीच. भगर, वाटीला तीन. मुलं मोठी झाली तशी तीही मापं वाचून कुकर लावायला लागली.

7. उपकरण नसेल तर जुना मार्ग असतोच

मिक्सर घरात यायच्या आधीही चटणी होत होतीच. दाणे भाजून, सालं पाखडून पोळपाटावर लाटण्याने लाटले की जाडसर कूट होतो आणि भाजीत तोच चांगला लागतो. मिरच्या तव्यावर तेलात परतून तिथेच पेल्याच्या बुडाने रगडल्या की ठेचा झाला. त्याला खलबत्तासुद्धा लागत नाही. ताक घुसळायला रवी नसेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत दही-पाणी घालून मुलांच्या हातात द्यावं. खेळत खेळत हलवतात. कोथिंबीरवडी उकडायला मोदकपात्र नको. पातेल्यात पाणी, तोंडावर चाळणी, वर ताट. इडलीचं पीठ तेल लावलेल्या वाट्यांत घालून शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये ठेवलं की वाटीइडली होते.

भट्टीचं काम तवा आणि झाकण मिळून करतात. थालीपिठाला मधोमध भोक पाडून तेल सोडायचं, झाकण ठेवायचं आणि आच मध्यम ठेवून धीर धरायचा. भाजणी नसली तरी चालतं. ज्वारीचं पीठ, बेसन, कणीक, घरात जे असेल त्यात कांदा, तिखट, ओवा आणि कालची उरलेली भाजी मळून घ्यावी.

8. शिळ्याला मान द्यावा, भाताला मात्र जपावं

सासूबाई जुन्नरकडच्या. 1972 च्या दुष्काळात त्या शाळकरी वयाच्या होत्या. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लालसर मिलो ज्वारी त्यांना अजून आठवते. त्यांच्यासमोर भाकरीचा तुकडा टाकायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. शिळी भाकरी कुस्करून दूध-गुळात, किंवा ताकात लसणाची फोडणी देऊन. शिळी पोळी कांदा-मिरची घालून फोडणीला, नाहीतर चुरा करून गूळ-तुपाचा लाडू. उरलेल्या वरणात कणीक मळून तिखटमिठाचे पराठे; त्यात पाणी वेगळं लागत नाही. सुकी भाजी थालीपिठात, रसभाजी खिचडीत.

भात मात्र वेगळा. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जगतात. भात तासन् तास तसाच उबदार राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर परतून, गरम करूनही जात नाही. वासावरूनही कळत नाही. म्हणून आमचा नियम सरळ आहे: दुपारी भात उरला तर परातीत पसरून लवकर गार करायचा आणि संध्याकाळच्या आत फोडणीला टाकून संपवायचा. उन्हाळ्यात रात्रीचा भात सकाळी कुणी खायचा नाही, आणि मुळात रात्री वाटी मोजूनच भात लावायचा. काटकसर दवाखान्यात जायला लावणार असेल तर ती काटकसर नव्हे.

9. डब्याचं जेवण वेगळं, ताटाचं वेगळं

चाकणच्या कंपन्यांच्या बसगाड्या पहाटेच्या अंधारात निघतात. पहिल्या पाळीचा डबा त्याआधी, दुसऱ्या पाळीचा माणूस जेवून निघतो आणि मध्यरात्र उलटल्यावर परत येतो, तिसऱ्या पाळीचा सकाळी येऊन जेवतो आणि झोपतो. तीन आठवड्यांत घराचं घड्याळ तीनदा फिरतं. डब्यात सांडणारं काही नको, गार झाल्यावर दगड होणारंही नको. पोळी चालते, पाण्यात मळलेली भाकरी दुपारपर्यंत कडक होते. भाकरीच हवी असेल तर पीठ दुधात मळून दशमी करावी, ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा अख्खा. कंपनीत तो हाताने फोडतात.

रात्री उशिरा येणाऱ्यासाठी पूर्ण ताट झाकून ठेवण्यापेक्षा अर्धा स्वयंपाक तयार ठेवलेला बरा. कांदा चिरून, लसूण ठेचून, बेसन पाण्यात कालवून ठेवलं की माणूस हातपाय धुऊन येईपर्यंत पिठलं होतं. आधी करून ठेवलेलं पिठलं घट्ट गोळा होऊन बसतं आणि थकलेल्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही.

10. अर्धं स्वयंपाकघर शेजारी असतं

आमच्या मजल्यावर लातूरच्या काकू, धुळ्याची वहिनी, वर्ध्याचं एक जोडपं आणि छपऱ्याची भाभी. चार प्रांतांतली चार घरं, आणि चौघींची अडचण एकच: जागा नाही, भांडी नाहीत, वेळ नाही. त्यामुळे प्रत्येकीने आपल्या गावाकडून त्यावर काय तोडगा आणला आहे, हे बघण्यासारखं होतं.

काकूंकडे येसर. धान्यं आणि डाळी मसाल्यासोबत भाजून दळलेलं हे पीठ मराठवाड्यात घरोघरी असतं. फोडणी करायची, पाणी उकळायचं, येसर कालवून सोडायचं, आमटी तयार. डाळ शिजवायला कुकर अडवून ठेवावा लागत नाही. त्यांचीच सुशीला: चुरमुरे भिजवून, पिळून कांदा-मिरचीवर परतायचे. पोह्यांपेक्षा लवकर. धुळ्याच्या वहिनीने शेवभाजी शिकवली. झणझणीत रस्सा आधी करायचा आणि जाड शेव वाढताना घालायची. आधी घातली तर लगदा होतो. भाजीची टोपली रिकामी असेल त्या दिवसाचा हा राजा. वर्ध्याकडची पातोडीची भाजी तशीच, नुसत्या बेसनावर उभी. आणि भाभीच्या सत्तूला तर आचच लागत नाही. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, लिंबू, कच्चा कांदा. चैत्र-वैशाखात कामावरून आल्यावर यासारखं दुसरं काही नाही. सासूबाईंनी या सगळ्याची परतफेड शेंगोळ्यांनी केली. कुळथाच्या पिठाची कडबोळी लसणाच्या रश्श्यात शिजवायची, एका पातेल्यात पाच माणसांचं जेवण.

वाटीभर साखर, चार मिरच्या, डब्यातलं उरलेलं पीठ यांची देवाणघेवाण चालतच राहते. घेतलेली वाटी रिकामी परत करायची नाही एवढा शिष्टाचार पाळला की पुरे.

11. गॅस संपतो तो वेळ बघून संपत नाही

14.2 किलोची टाकी संपल्यावर दुसरी येईपर्यंत काय खायचं, हे आधी ठरलेलं असावं. जमलं तर पाच किलोची छोटी टाकी घरात ठेवावी. विजेच्या इंडक्शनवर भिस्त ठेवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. त्यावर साधं ॲल्युमिनियमचं भांडं तापत नाही, लोखंडी किंवा त्यासाठी खास बनवलेलं सपाट बुडाचं लागतं. आणि आपल्या भागात महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी निघतात, तेव्हा गुरुवारी त्याच्या भरवशावर राहू नये.

विनाआचेचं जेवण म्हणजे उपवास नव्हे. पातळ पोह्यांवर कांदा, काकडी, ओलं खोबरं, लिंबू, मीठ, साखर घालून दडपून ठेवलं की दडपे पोहे. दही-पोहे. मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर. सत्तू. मेतकूट दह्यात कालवून पोळीशी.

आणि टाकी हलकी लागायला लागली की गोधडी कामाला येते. भिजवलेल्या मुगा-मटकीची उसळ किंवा खिचडी झाकणाच्या पातेल्यात चांगली दहा मिनिटं उकळायची, आच बंद करून पातेलं जुन्या गोधडीत घट्ट गुंडाळायचं. उरलेलं शिजणं आतल्या उष्णतेवर होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंधन वाचवायला ब्रिटनमध्ये गवत भरलेल्या पेट्यांत असंच अन्न शिजवत. वाढण्याआधी एक उकळी मात्र द्यावी. राजमा या पद्धतीने शिजवू नये. तो नीट उकळला नाही तर पोट बिघडवतो.

12. कार्तिकीचे पाहुणे

आळंदी जवळ असल्याचं पुण्य दिघीकरांना कार्तिकात मिळतं. ज्ञानेश्वर महाराजांनी 1296 मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. त्या सोहळ्याला गावाकडची माणसं येतात आणि मुक्काम आपल्याकडे असतो. खोली तेवढीच, शेगडी तेवढीच, ताटं दुप्पट. त्यात एकादशी, म्हणजे सगळ्यांना उपास.

एकादशी खरं तर सोयीची. भगर लवकर शिजते आणि फुगते. दाण्याची आमटी करायला भाजलेला कूट, मिरची, जिरं, आमसूल पुरे. बटाटे आणि रताळी कुकरात एकाच वेळी उकडून निघतात. साबुदाण्याच्या नादी मी पाहुणे जास्त असताना लागत नाही. खिचडी थोडी थोडीच परतावी लागते, नाहीतर गोळा होतो, आणि तोवर पंगत खोळंबते. बारशीला उपास सोडताना पिठलं-भाकरी किंवा कांदा घालून मसालेभात. मोठं पातेलं शेजारून येतं. भाकरी थापायला बसलेल्या बायका आलटून पालटून उठतात आणि तवा रिकामा राहत नाही. पाहुण्यांच्या पिशवीत गावाकडची बाजरी, मटकी, लसूण असतोच. तो निगुतीने ठेवला की पुढचे पंधरा दिवस बाजारहाट हलका होतो.

13. एक चटणी कायम बरणीत

जेवण साधं असलं तरी चालतं, बेचव नको. लसूण-खोबऱ्याची, कारळ्याची, जवसाची किंवा दाण्याची कोरडी चटणी बरणीत असली की नुसत्या वरण-भाताचं जेवण पुरतं. ओलावा नसल्याने या चटण्या फ्रिजवाचून टिकतात. चमचा कोरडा हवा, एवढीच अट.

14. घरातल्या प्रत्येकाला एक पूर्ण जेवण करता आलं पाहिजे

तिसऱ्या पाळीहून आलेल्या माणसाने बायकोला उठवून चहा मागायचा, ही जुनी रीत आमच्याकडे टिकली नाही. टिकणं शक्यही नव्हतं, कारण तेव्हा मी भोसरीच्या वाटेवर असते. यांना मुगाची खिचडी, मोठ्या मुलीला पिठलं, धाकट्याला उपमा येतो. कुणाचीही तब्येत बिघडली तरी घर उपाशी झोपत नाही. आहे त्यात भागवण्याची कला एकाच बाईच्या हातात राहिली तर तिचं ओझं होतं. चार हातांत गेली की ती घराची सवय होते.

दिघीत, भोसरीत, चाकणला नव्याने खोली घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. पहिल्या पगारात पाच वस्तू घ्या: पाच लिटरचा कुकर डब्यांसह, लोखंडी तवा, जाड बुडाची कढई, खलबत्ता आणि एक ठरलेली वाटी. फळीवर तूरडाळ, मूगडाळ, बेसन, ज्वारीचं पीठ, कणीक, तांदूळ, दाणे, गूळ, चिंच आणि लसूण असू द्या. एवढ्यावर पाच माणसांचं घर रोज दोन वेळा, चवीपरीने जेवतं. मिक्सर, ओव्हन आणि बाकीचं सावकाश घ्या, हप्त्यावर तर मुळीच घेऊ नका.